फुंकर नको, खोडरबर घ्या!

दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला, सोबत 'ग्रेडियस' या अंतराळयानाच्या गोळीबाराच्या खेळाचं कार्ट्रिज (खेळाची कॅसेट). लावलं तर पडदा नुसता करडा. सवयीने फुंकर मारली, तर दादा ओरडला, "अरे, थुंकीच्या ओलाव्यानेच पिना गंजतात!" खरंय. मग वीज बंद करून ६० पिनांवरून खोडरबर हलकेच फिरवलं, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं. कापूस काळाकुट्ट! दहा मिनिटं वाळू दिलं, आणि यान उडालं.

छळ मात्र तोच. एकदा मेलं की जमवलेली सगळी शस्त्रं गायब. शेवटी खेळ थांबवून शस्त्रं परत मिळवून देणारा १९८६ चा कोनामी कोड बटणांवर मारला: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. (पाढे विसरलो, हे नाही.) तरी खेळातल्या मोआईच्या (ईस्टर बेटावरच्या पुतळ्यांसारख्या) दगडी डोक्यांपाशी मेलोच.