घरून वावरातल्या सर्व्हरला कमांड कशी द्यावी

आंबिया बहारासाठी संत्र्याला ताण दिला, म्हणजे काही काळ पाणी तोडलं, की तो सोडताना पहिलं पाणी हलकं द्यावं लागतं. वरुड तालुक्यातल्या आमच्या वावरात ठिबकचे व्हॉल्व्ह मी एका रास्पबेरी पायला, म्हणजे तळहाताएवढ्या एका छोट्या कॉम्प्युटरला जोडले आहेत; पुढे त्याला नुसतं पाय म्हणतो. घर तिथून चार किलोमीटर. पहिल्याच वर्षी रात्री घरून कमांड दिली : तिसरा व्हॉल्व्ह, 20 मिनिटं. उत्तर आलं नाही. पुन्हा दिली, तरी नाही. तिसऱ्या वेळी उत्तर आलं आणि मी झोपलो. सकाळी पाहतो तर तिन्ही कमांड पोचल्या होत्या, प्रत्येकीने 20 मिनिटं वाढवली होती आणि पाणी तासभर चाललं होतं. झाडाच्या बुडाशी पाणी साचलं तर डिंक्याची, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगाची भीती असते. त्या दिवशी मी सगळा प्रोग्राम पुन्हा लिहायला घेतला. खाली लिहिलंय ते त्या दुसऱ्या प्रोग्रामबद्दल.

रिमोट प्रोसिजर कॉल, म्हणजे आरपीसी : दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं फंक्शन, म्हणजे प्रोग्राममधलं एक नाव दिलेलं काम, आपल्याच कॉम्प्युटरवर असल्यासारखं बोलावणं. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी ते कसं बांधायचं हे 1984 साली सविस्तर मांडलं. आज त्याचे बरेच प्रकार आहेत : जेसन-आरपीसी आहे, गूगलचा जीआरपीसी आहे. आपण 1998 सालचा एक्सएमएल-आरपीसी घेऊ, कारण तो पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेसोबतच येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही.

पहिली पायरी : कमांडची यादी कागदावर

सर्व्हरने, म्हणजे पायवर चालून कमांड ऐकणाऱ्या प्रोग्रामने, नेमक्या कोणत्या गोष्टी ऐकायच्या ते आधी ठरवा. माझ्याकडे तीनच आहेत : उघड, बंद कर, स्थिती सांग. "मी पाठवीन ती कुठलीही कमांड चालव" असं फंक्शन कधीच ठेवू नका. ते दार ज्याच्या हाती लागलं त्याच्या हाती अख्खा कॉम्प्युटर गेला. फंक्शनची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा. एक्सएमएल-आरपीसीच्या नियमात नावासाठी इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअरसारखी मोजकी चिन्हंच चालतात.

दुसरी पायरी : सर्व्हर

पायथॉनच्या एक्सएमएलआरपीसी मॉड्यूलमधून सिंपलएक्सएमएलआरपीसीसर्व्हर घ्या, त्याला 127.0.0.1 हा पत्ता (म्हणजे तो कॉम्प्युटर स्वतःच) आणि 8000 हा पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर, द्या, तिन्ही फंक्शन्स रजिस्टर करा आणि सर्व्हर कायम चालू ठेवण्याची ओळ लिहा. पत्ता 127.0.0.1 च ठेवा. त्यामुळे बाहेरच्या नेटवर्कवरून थेट कोणी बोलू शकत नाही, आणि या मॉड्यूलला बाहेरच्या वाईट हेतूच्या डेटापासून संरक्षण नाही हे पायथॉनच्या माहितीपत्रातच लिहिलं आहे.

इथे दोन खड्डे आहेत, दोन्हींत मी पडलो.

पहिला : फंक्शनने काहीच परत दिलं नाही, तर पायथॉन "नन" परत देतो, आणि हा सर्व्हर मुळात नन पाठवू शकत नाही. परिणाम असा, की व्हॉल्व्ह उघडतो, पाणी सुरू होतं, आणि तुमच्या स्क्रीनवर मात्र एरर येते. काम झालेलं असतं आणि आपल्याला वाटतं झालं नाही. म्हणून प्रत्येक फंक्शनच्या शेवटी काहीतरी परत द्या. मी व्हॉल्व्हची ताजी स्थितीच देतो.

दुसरा : हा सर्व्हर एका वेळी एकच विनंती हाताळतो. उघडणाऱ्या फंक्शनमध्येच 20 मिनिटं थांबण्याची ओळ लिहिली, तर तेवढा वेळ तो "बंद कर" सुद्धा ऐकत नाही. फंक्शनने फक्त बंद व्हायची वेळ नोंदवून लगेच परतायचं, आणि वेळ झाली की व्हॉल्व्ह बंद करायचं काम वेगळ्या थ्रेडकडे, म्हणजे त्याच प्रोग्रामच्या सोबतीने चालणाऱ्या भागाकडे द्यायचं.

तिसरी पायरी : घरचा लॅपटॉप

इथे त्याच मॉड्यूलमधून सर्व्हरप्रॉक्सी घ्या, तोच 127.0.0.1 पत्ता आणि 8000 पोर्ट द्या, आणि फंक्शन नेहमीसारखं बोलवा. आतमध्ये फंक्शनचं नाव आणि दिलेल्या किमती एक्सएमएलमध्ये बांधल्या जातात, एचटीटीपीने पलीकडे जातात, तिथे उघडून फंक्शन चालतं आणि उत्तर त्याच वाटेने येतं. सॉकेटचा, म्हणजे नेटवर्कच्या जोडाचा, डीफॉल्ट टाइमआउट (उत्तराची वाट पाहायची मर्यादा) 10 सेकंद ठेवा, नाहीतर लाइन मेली की प्रोग्राम ताटकळत बसतो. सर्व्हर आणि हा प्रोग्राम आधी एकाच लॅपटॉपवर चालवून पाहा.

चौथी पायरी : वाट

वावरात मोबाइलचं डोंगल असेल तर बहुधा त्याला इंटरनेटवर स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो; कंपनी एका पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवते. म्हणून घरून पायला हाक मारता येत नाही, पायनेच बाहेर यायचं. महिन्याच्या भाड्याने एक छोटा सर्व्हर घ्या. पायवरून एसएसएचने, म्हणजे दोन कॉम्प्युटरमधल्या सुरक्षित जोडाने, त्याला जोडा आणि कॅपिटल आर पर्यायाने भाड्याच्या सर्व्हरचा 9000 पोर्ट पायच्या 8000 ला जोडा. घरून कॅपिटल एल पर्यायाने लॅपटॉपचा 8000 त्या 9000 ला जोडा. पासवर्ड नको, एसएसएचची किल्ली, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त फाइल, वापरा. लाइन तुटली तर पायने पुन्हा जोडावी म्हणून ही एसएसएचची कमांड सिस्टमडीखाली, म्हणजे बंद पडलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करणाऱ्या लिनक्सच्या सोयीखाली, चालवा, आणि जोड जिवंत आहे का हे दर 30 सेकंदांनी तपासायला एसएसएचला सांगा.

पाचवी पायरी : उत्तर आलं नाही तर

गड्याला फोन करून "पाणी सोड" म्हटलं आणि "हो भाऊ" ऐकू यायच्या आत फोन कटला, तर त्याने ऐकलं की नाही हे आपल्याला कळत नाही. आरपीसीतही तेच. कमांड वाटेत हरवली असेल, काम अर्धवट असेल, किंवा काम होऊन उत्तर हरवलं असेल. घरी बसून तिन्ही सारखंच दिसतं. म्हणून कमांडच अशी लिहा की ती दोनदा पोचली तरी नुकसान नाही. "20 मिनिटं पाणी दे" च्या जागी "6:20 पर्यंत उघडा ठेव". हीच कमांड पाच वेळा गेली तरी पाणी 6:20 लाच थांबतं. उत्तर नाही आलं तर खुशाल पुन्हा पाठवा, आणि नंतर "स्थिती" विचारा.

पण मग घड्याळ बरोबर हवं. रास्पबेरी पाय 4 आणि त्याआधीच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली की नेटवर्क मिळेपर्यंत त्याची वेळ चुकलेली असते. आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. डीएस3231 चं छोटं घड्याळ-मॉड्यूल बसवा. प्रोग्राम सुरू होताच सगळे व्हॉल्व्ह आधी बंद करू द्या, आणि व्हॉल्व्हही वीज गेली की आपोआप बंद होणारेच घ्या.

शेवटी एक परीक्षा. व्हॉल्व्हच्या जागी एलईडी लावा, पाच मिनिटांनंतरची वेळ देऊन कमांड पाठवा, आणि दिवा लागला की डोंगल उपसून काढा. दिवा त्याच वेळी विझला पाहिजे. मग डोंगल लावून, नवी वेळ देऊन, एकच कमांड तीनदा पाठवा, पायची वीज काढून पुन्हा द्या, स्थिती विचारा. हे सगळं बरोबर आलं, की मगच ठिबकला जोडा.