प्रयोगशाळेतल्या सगळ्या संगणकांवर नेटवर्कवरून लिनक्स आपोआप कसं बसवावं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि मराठवाड्यातल्या कितीतरी शाळा-महाविद्यालयांच्या संगणक खोल्यांपुढे एकच पेच उभा राहिला. यंत्रं धडधाकट आहेत, पण विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर त्यांत नाही. ती भंगारात काढायची काहीच गरज नाही. चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावरही हलक्या डेस्कटॉपचं लिनक्स चांगलं चालतं.

अडतं ते बसवण्यापाशी. पेनड्राइव्ह घेऊन यंत्रामागून यंत्र करत गेलं, की प्रत्येक वेळी तेच प्रश्न येतात: भाषा कोणती, कळफलक कोणता, डिस्क कशी विभागायची, पासवर्ड काय. दहाव्या यंत्रापर्यंत उत्तरं बदलायला लागतात. कुठे एखादं पॅकेज राहतं, कुठे पासवर्ड वेगळा पडतो. मग तासाला अर्धी मुलं प्रोग्राम चालवतात आणि अर्धी हात वर करून बसतात.

यावर उपाय म्हणजे नेटवर्क बूट. इन्स्टॉलर नेटवर्कवरून येतो आणि त्याच्या प्रश्नांची उत्तरं एका फाइलमधून मिळतात. वेळ वाचतो हे खरंच, पण माझ्या मते मोठा फायदा वेगळा आहे. ती फाइल मागे राहते. सरांची बदली किनवटला झाली किंवा कंत्राटी प्रयोगशाळा सहायकाची मुदत संपली, तरी पुढचा माणूस त्याच फाइलवरून अख्खी खोली पुन्हा उभी करू शकतो.

इथे मी डेबियन १३ हे लिनक्स धरून चाललो आहे. त्याला ६४-बिट प्रोसेसर लागतो. ३२-बिट यंत्रांसाठी या आवृत्तीपासून इन्स्टॉलरच येत नाही, त्यामुळे अशी यंत्रं आधीच बाजूला काढा. फाइलींची आणि आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, सहसा लहान अक्षरांत येतील.

पडद्यामागे काय घडतं

नेटवर्क कार्डातच एक छोटा प्रोग्राम असतो. त्याचं मानक पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून यंत्र सुरू करण्याची ठरलेली पद्धत. इंटेलने त्याची २.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये काढली. यंत्र सुरू झालं की कार्ड डीएचसीपीने, म्हणजे जाळ्यातले पत्ते वाटण्याच्या पद्धतीने, विचारतं, "मला पत्ता कोण देतं, आणि मी कोणती फाइल आणू?" सर्व्हर पत्ता देतो आणि बूट फाइलचं नाव सांगतो. ती फाइल टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने येते, ती कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) मागवते आणि इन्स्टॉलर सुरू होतो. पुढे उत्तरांची फाइल एचटीटीपीने, म्हणजे वेबपानं येतात त्या वाटेने, येते.

टीएफटीपी फार जुना आणि साधा आहे. मूळ नियमाप्रमाणे तो ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतो आणि पोच आल्याशिवाय पुढचा पाठवत नाही. पंगतीत एक घास वाढायचा आणि तो गिळल्याचं कळल्यावरच दुसरा वाढायचा, असा प्रकार. तीस एमबीची फाइल अशा रीतीने न्यायची तर साठ हजारांहून जास्त फेऱ्या होतात. आता दोन्ही बाजू मोठा तुकडा ठरवून घेऊ शकतात, तरी सुरुवातीच्या फाइलींपुरताच टीएफटीपी वापरावा आणि बाकी सगळं एचटीटीपीवर न्यावं.

जुळवाजुळव

सर्व्हरसाठी एखादं बरं जुनं यंत्र घ्या, त्यात दोन नेटवर्क कार्डं हवीत. एक इंटरनेटकडे, दुसरं खोलीतल्या स्विचकडे. गावात ब्रॉडबँड नसेल तर पहिल्या कार्डाऐवजी मोबाइलचं यूएसबी टेदरिंगही चालतं. स्विच गिगाबिट असावा. वायफायवरून पीएक्सई होईल अशी आशा धरू नका, केबल लागतेच.

दोन कार्डं सांगण्यामागे ठोस कारण आहे. महाविद्यालयाच्या राउटरमध्ये आधीच डीएचसीपी चालू असतो. त्याच जाळ्यात आपला दुसरा डीएचसीपी सोडला, तर कार्यालयातल्या संगणकांना चुकीचे पत्ते जातील. त्याहून वाईट म्हणजे तिथलं एखादं यंत्र आपल्या सर्व्हरवरून बूट होऊन त्याची डिस्क पुसली जाऊ शकते. म्हणून खोलीचं जाळं पूर्ण वेगळं ठेवा.

सर्व्हर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर घ्या. भारनियमनात विद्यार्थ्यांचं यंत्र बंद पडलं तर ते पुन्हा पहिल्यापासून लावता येतं, पण सर्व्हर पडला तर एकाच वेळी सगळ्यांचं काम अर्ध्यात तुटतं.

जुन्या यंत्रांचे सीमॉसचे सेल, म्हणजे ती सीआर२०३२ बटण बॅटरी, आधी बदलून टाका. सेल संपलेल्या यंत्राची तारीख काही वर्षं मागे जाते, आणि भविष्यातली तारीख असलेली पॅकेज-यादी दिसली की एपीटी हा पॅकेजं बसवणारा प्रोग्राम ती नाकारतो. शिवाय वीज गेली की बायोसमधली, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधली, बूटची क्रमवारी मूळपदावर येते. हा दुसरा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते पुढे कळेल.

सर्व्हर उभा करणं

सर्व्हरवर डेबियन टाका आणि तीन पॅकेजं बसवा: डीएनएसमास्क (पत्ते आणि बूट फाइली देण्यासाठी), अपाचे२ (एचटीटीपीवरून फाइली देण्यासाठी) आणि एपीटी-कॅशर-एनजी (उतरवलेली पॅकेजं साठवण्यासाठी). खोलीकडच्या कार्डाला १९२.१६८.५०.१ हा कायमचा पत्ता द्या.

डेबियनच्या आरशावरून, म्हणजे त्याच्या फाइलींची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, नेटबूटची टार फाइल उतरवा, तिचा एसएचए२५६ (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा) जुळवून पाहा आणि ती /एसआरव्ही/टीएफटीपी या फोल्डरमध्ये सोडवा. बायोस आणि त्याची जागा घेणारं नवं यूईएफआय या दोन्हींसाठी लागणाऱ्या बूट फाइली तिच्यातच असतात.

आता डीएनएसमास्कची कॉन्फिग फाइल. तिच्यात इंटरफेसच्या ओळीत फक्त खोलीकडच्या कार्डाचं नाव लिहा, आणि बाइंड-इंटरफेसेस चालू करा. डीएचसीपी-रेंजमध्ये १९२.१६८.५०.१०० ते १९२.१६८.५०.२०० हे पत्ते आणि बारा तासांची मुदत द्या. टीएफटीपी चालू करून त्याचं मूळ फोल्डर सांगा. मग येते बूट फाइल. यंत्र कोणत्या जातीचं आहे हे ते डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या पर्यायातून स्वतःच सांगतं: ० म्हणजे जुना बायोस, ७ म्हणजे ६४-बिट यूईएफआय. ७ आलं तर डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४ या फोल्डरमधली बूटनेटएक्स६४.ईएफआय द्या, नाहीतर पीएक्सईलिनक्स.०. मराठवाड्यातल्या बहुतेक खोल्यांत चार वेगवेगळ्या वर्षांच्या निविदांतून आलेली यंत्रं शेजारी शेजारी असतात, त्यामुळे ही दोन्ही नावं लिहायचीच.

डीएचसीपीची नोंद चालू ठेवा, म्हणजे यंत्र सुरू करताच त्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाची ओळख, दिसतो. तो टिपून डीएचसीपी-होस्टच्या ओळीत त्याला नाव द्या. डीएचसीपीकडून आलेलं नाव इन्स्टॉलर आपसूक घेतो. नावं रांगेप्रमाणे ठेवा आणि रांगांना नद्यांची नावं द्या: मांजरा, तेरणा, दुधना, कयाधू. "मांजरा-०३ चा माउस चालत नाही" असं पोराने सांगितलं की नेमकं कुठे जायचं ते कळतं.

एपीटी-कॅशर-एनजी हे या सगळ्यातलं माझं सगळ्यात आवडतं अंग. तो ३१४२ पोर्टवर बसतो आणि पॅकेज एकदाच इंटरनेटवरून आणून ठेवतो. पहिल्या यंत्राला वेळ लागतो. उरलेल्या यंत्रांना तीच पॅकेजं स्विचच्या वेगाने मिळतात. मोबाइलच्या डेटावर अख्खी खोली बसवता येते ती याच्याच जोरावर. खोलीतल्या यंत्रांना थेट इंटरनेट देण्याचीही गरज उरत नाही.

उत्तरांची फाइल

डेबियनमध्ये हिला प्रीसीड म्हणतात. प्रीसीड.सीएफजी नावाने ती अपाचेच्या मूळ फोल्डरमध्ये ठेवा. प्रत्येक ओळीत प्रश्नाचं नाव, उत्तराचा प्रकार आणि उत्तर असतं. डेबियन आपल्या इन्स्टॉलेशन मार्गदर्शकासोबत एक नमुना फाइल देतं, तीच घ्या आणि ओळीओळीने आपली करा. कोऱ्या पानापासून सुरुवात करू नका.

भाषेचं जरा नीट पाहा. देवनागरी अक्षरं मजकुरी इन्स्टॉलरला झेपत नाहीत, म्हणून मुख्य लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची निवड, इंग्रजी-भारत ठेवा आणि जादा लोकेलच्या ओळीत मराठी-भारत जोडा. कळफलक अमेरिकनच असू द्या, नाहीतर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड देवनागरीत उमटतो आणि मुलं तिथेच अडकतात. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक नंतर डेस्कटॉपमधून द्या. पॅकेजांच्या यादीत लोहित देवनागरी फाँट आणि लिबरऑफिसची मराठी भाषा घालायला विसरू नका. मुलाने पहिल्याच दिवशी पडद्यावर आपलं नाव आपल्या लिपीत नीट उमटलेलं पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

वेळेचा विभाग आशिया/कोलकाता. आरशाच्या प्रॉक्सीमध्ये, म्हणजे मधल्या सर्व्हरच्या ओळीत, १९२.१६८.५०.१ आणि पोर्ट ३१४२. डेस्कटॉप एक्सएफसीई.

पासवर्ड उघडा लिहू नका. ही फाइल साध्या एचटीटीपीवर असते, जाळ्यातलं कोणीही ती वाचू शकतं. एमकेपासवर्ड या आज्ञेने, जी हूइज पॅकेजमध्ये येते, एसएचए-५१२ हॅश, म्हणजे मूळ पासवर्ड न दाखवणारं रूप, काढून तोच टाका. रूटचं, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचं, लॉगिन बंद ठेवा.

डिस्कच्या ओळी सगळ्यात जपून लिहायच्या, कारण त्या डिस्कवरचं सगळं पुसायला सांगतात. विभागणीची पद्धत रेग्युलर, आराखडा ॲटॉमिक, आणि बदल लिहू का या प्रश्नांना हो. यंत्रात एकच डिस्क असेल तर डिस्कचं नाव न लिहिलेलं बरं, कारण ते काही यंत्रांत एसडीए तर काहींत एनव्हीएमई असतं. बसवताना एकाही यंत्राला पेनड्राइव्ह लावलेला नको. आणि आदल्या दिवशी मुलांचे प्रकल्प, प्राध्यापकांच्या फाइली बाहेर काढून घ्या. बसवल्यानंतर त्या परत मिळत नाहीत.

शेवटी लेट-कमांड, म्हणजे बसवणं संपताना चालणारी आज्ञा. इथे लांबलचक आज्ञा कोंबू नका. सर्व्हरवरून एक छोटी स्क्रिप्ट आणून ती नव्या प्रणालीत चालवायची, इतकंच लिहा. पुढचे बदल मग स्क्रिप्टमध्ये होतात आणि प्रीसीडला हात लावावा लागत नाही.

फाइल झाली की डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स ही आज्ञा -सी देऊन चालवा. ती फाइलची मांडणी तपासून देते.

मेनू

यंत्र नेटवर्कवरून सुरू होताना जो मेनू दिसतो त्याच्या फाइली दोन: बायोससाठी पीएक्सईलिनक्सची, यूईएफआयसाठी ग्रबची. दोन्हींत पहिला आणि ठरलेला पर्याय "स्थानिक डिस्कवरून सुरू करा" असाच हवा. इन्स्टॉलचा पर्याय दुसरा, हाताने निवडायचा. हे उलट झालं तर बसवून झालेलं यंत्र पुन्हा नेटवर्कवरून उठतं आणि स्वतःला पुन्हा पुसतं. सेल संपलेल्या यंत्राची बूट-क्रमवारी वीज जाताच बदलते असं वर सांगितलं, त्याचा धोका इथे आहे.

थांबण्याची वेळ पीएक्सईलिनक्समध्ये सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, ग्रबमध्ये सेकंदांत. दहा सेकंदांसाठी एकीकडे १०० आणि दुसरीकडे १०.

इन्स्टॉलच्या ओळीत कर्नलपुढे तीन गोष्टी लिहा: ऑटो=ट्रू, प्रायॉरिटी=क्रिटिकल, आणि यूआरएल= पुढे प्रीसीडचा पूर्ण पत्ता. ऑटोमुळे भाषा आणि कळफलकाचे प्रश्न नेटवर्क जोडलं जाऊन फाइल हाती येईपर्यंत मागे राहतात. एकापेक्षा जास्त कार्डं असलेल्या यंत्रांसाठी इंटरफेस=ऑटो हेही जोडा.

चालवून पाहणं

आधी व्हर्च्युअल यंत्रावर, मग खोलीतल्या एकाच यंत्रावर करून पाहा. बायोसमध्ये नेटवर्क बूट चालू करा, पण क्रमवारीत डिस्कच पहिली ठेवा. बसवण्यापुरता बूट मेनू उघडायचा: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९.

पडद्यावर पीएक्सई-ई६१ आलं तर केबल पाहा. ई५१ म्हणजे डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही. सेवा चालू आहे का, ती बरोबर कार्डावर ऐकते आहे का ते तपासा. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला पण फाइलचं नाव नाही. ई३२ म्हणजे टीएफटीपीने उत्तर दिलं नाही. तिथे बहुतेकदा फायरवॉल ६९ पोर्ट अडवत असते.

मध्येच इन्स्टॉलरने प्रश्न विचारला, तर त्या प्रश्नाची ओळ राहिली आहे किंवा तिच्या नावात टंकदोष आहे. ऑल्ट आणि एफ४ दाबून नोंदी वाचा. ऑल्ट आणि एफ२ ने आज्ञा टाइप करण्यासाठी शेल मिळतं.

एक यंत्र प्रश्न न विचारता शेवटपर्यंत गेलं की बाकीची लावा, पण पाच-सहाच्या गटाने. सगळी एकदम लावली तर सर्व्हरची जुनी डिस्क दमते आणि खोलीतल्या वायरिंगवरही भार येतो.

दुसरं लिनक्स हवं असेल तरी वाट हीच, फक्त उत्तरांच्या फाइलचं रूप बदलतं: रेड हॅट आणि फेडोराच्या कुळात किकस्टार्ट, उबुंटूत ऑटोइन्स्टॉल, सुसेमध्ये ऑटोयास्ट.

काम झाल्यावर

डीएनएसमास्क बंद करा, आणि सर्व्हर सुरू होताना तो आपोआप उठणार नाही असंही करा. डीएनएसमास्कची कॉन्फिग, दोन्ही मेनू, प्रीसीड आणि स्क्रिप्ट गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवा. सर्व्हरचा पत्ता, बूटची कळ आणि डीएनएसमास्क सुरू करण्याची आज्ञा कागदावर छापून खोलीच्या कपाटाला आतून चिकटवा.

आणि एक तपासणी करायचीच: इन्स्टॉलरने प्रॉक्सीचा पत्ता प्रत्येक यंत्राच्या /ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फमध्ये लिहून ठेवलेला असतो. सर्व्हर कायम चालू ठेवणार असाल तर तो तसाच राहू द्या, अपडेटही त्याच कॅशमधून येतील, फक्त तेव्हा डीएनएसमास्क चालू करा, नाहीतर यंत्रांना पत्ता मिळणार नाही. सर्व्हर उचलून दुसऱ्या खोलीत नेणार असाल आणि या यंत्रांना थेट इंटरनेट देणार असाल, तर ती ओळ काढण्याचं काम लेट-कमांडच्या स्क्रिप्टमध्येच घाला. नाहीतर पुढच्या अपडेटच्या वेळी प्रत्येक यंत्र जागेवर नसलेल्या सर्व्हरला हाका मारत बसेल.