ध्रुवीकरण बदलणारा मेटासरफेस बनवताय? या चुका टाळा

प्रोजेक्टचा हंगाम आला की ठाणे-बेलापूर पट्ट्यातली मुलं पिन डायोडवाले (म्हणजे व्होल्टेजने चालू-बंद होणाऱ्या स्विचचे) मेटासरफेस घेऊन येतात. मेटासरफेस म्हणजे तांब्याच्या नक्षीचा बोर्ड; हा आलेल्या रेडिओलहरीचं ध्रुवीकरण, म्हणजे तिच्या विद्युत क्षेत्राची दिशा, बदलून ती परत पाठवतो. डिझाइन नवं, चुका त्याच.

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक म्हणजे नुसता पीसीआर, म्हणजे ध्रुवीकरण रूपांतराचं गुणोत्तर, बघून खूश होणं. ऐरोलीची एक टीम आली होती. "सर, ९९ टक्के रूपांतर!" म्हटलं, ते राहू दे, क्रॉस घटक, म्हणजे ध्रुवीकरण बदलून परत आलेला भाग, किती डेसिबल? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आलेख काढला: क्रॉस घटक वजा १० डेसिबल, मूळ (न बदलता परत आलेला) घटक वजा ३०. गुणोत्तर ९९ टक्के, अगदी खरं. पण परत येत होती जेमतेम १० टक्के शक्ती! मागे अखंड तांबं, म्हणजे पलीकडे जायला वाट नाही. बाकीची सगळी एफआर-४ (बोर्डाचं फायबरग्लास) आणि चालू डायोडच्या रोधात उष्णता होऊन संपली. पीसीआरच्या भागाकारात वर-खाली दोन्हीकडे परत आलेलीच शक्ती असते, शोषण तिथे दिसणार कुठून? आणि बोर्ड महापेला बनवायला गेलासुद्धा होता. मी आधी दोन्ही घटक डेसिबलमध्ये एकाच आलेखावर काढतो. पीसीआर शेवटी, रिपोर्टच्या शोभेला.

दुसरी चूक आळसाची. सिम्युलेशनमध्ये चालू डायोड म्हणजे तांब्याची पट्टी, बंद डायोड म्हणजे रिकामी फट. असा डायोड लॅमिंग्टन रोडवर मिळाला तर मलाही आणा. बंद डायोडची धारिता ०.०५ पिकोफॅरड धरली, तरी १० गिगाहर्ट्झला तो साधारण ३२० ओहमचा असतो. त्याला उघडा कोण म्हणेल? डेटाशीटमधले आर, एल, सी (रोध, इंडक्टन्स, धारिता) घाला, पॅकेजच्या इंडक्टन्ससकट. बायसच्या (डायोडला व्होल्टेज देणाऱ्या) लाइनीही मॉडेलमध्येच काढा, "नंतर जोडू" नको.

वर्तुळाकार ध्रुवीकरणाला दोन घटकांत ९० अंशांचा कलेचा (फेजचा) फरक पुरत नाही, दोन्ही घटकांचे आयामही सारखे लागतात. अॅक्शियल रेशो, म्हणजे लहरीच्या लंबवर्तुळाच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तर, ३ डेसिबलच्या आत आहे का बघा.

मोजताना संदर्भाला तेवढ्याच आकाराचा धातूचा पत्रा ठेवा.

३० सेंटिमीटरच्या बोर्डाला १० गिगाहर्ट्झवर दूरक्षेत्र, म्हणजे जिथे लहर जवळपास सपाट धरता येते ते अंतर, ६ मीटरवर सुरू होतं. टेबलावर हॉर्न अँटेना टेकवून घेतलेली रीडिंग मला दाखवू नका.

डायोड उलटा बसलाय का, हे हॉर्नसमोर नाही, मल्टिमीटरवर कळतं. डायोडची प्रत्येक ओळ तपासा. ज्याला याचा कंटाळा येतो, त्याच्याच हातात मी नंतर सोल्डरिंग गन देतो.