कोयना भूकंपाच्या वर्कशीटमधली तीन वर्तुळं एका बिंदूत छेदत नव्हती: उपाय सापडला

अडचण अशी: अकरावीच्या भूगोलासाठी एआयकडून ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचं केंद्र शोधायचं वर्कशीट करून घेतलं. सातारा, सांगली आणि पुणे ही भूकंप नोंदवणारी मानलेली ठिकाणं; प्रत्येकाभोवती भूकंपाच्या अंतराएवढं वर्तुळ काढायचं आणि तिन्हींचा छेद म्हणजे भूकंपाचं केंद्र. कंपासने वर्तुळं काढली की छेद कोयनानगरच्या आसपासही येईना. "अचूक आकडे दे" असं बजावून पाहिलं, टूल बदललं. दर वेळी सेकंद नवे, चूक तीच. दोन रविवार वाया गेले.

कारण साधं आहे. भूकंपाच्या वेगवान पी-लहरी आधी पोचतात आणि संथ एस-लहरी नंतर; या फरकावरून अंतर कळतं. एआय या फरकाचे सेकंद पटण्याजोगे लिहितं, पण ते नकाशावरच्या अंतराशी जुळवत नाही. म्हणून उलट्या दिशेने जायचं.

आधी नकाशावर कोयनानगरपासूनची सरळ अंतरं मोजा: सातारा सुमारे ४२, सांगली १०७, पुणे १२५ किमी. पी-लहरीचा वेग सेकंदाला ६ किमी आणि एस-लहरीचा ३.५ धरला, तर दर ८.४ किमीमागे फरक एका सेकंदाने वाढतो; म्हणून अंतर भागिले ८.४ म्हणजे फरकाचे सेकंद. ते अनुक्रमे ५.०, १२.७ आणि १४.९ येतात. हे तयार आकडे एआयला द्या, "यातला एकही बदलू नकोस" असं लिहा आणि फक्त प्रश्नांची भाषा त्याच्याकडून घ्या.

एवढं करूनही माझा छेद हुकला, तो प्रिंटरमुळे. 'पानात बसवा' हा पर्याय नकाशा आक्रसवतो. १०० टक्के आकारात छापा आणि १ सेंमीला १० किमीची प्रमाणरेषा पट्टीने मोजून बघा. साताऱ्याची त्रिज्या ४.२ सेंमी, सांगलीची १०.७, पुण्याची १२.५. पेन्सिलीला टोक हवंच; जाड रेघेत दोन-तीन किलोमीटर सहज हरवतात.