जुनी बुलेट: ३५० की ५००? या चुका टाळा

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव, कुठंही जुनी रॉयल एनफिल्ड क्लासिक (लोकांच्या तोंडी बुलेटच) बघायला जा, विकणाऱ्याचं एक वाक्य ठरलेलं असतं: "दादा, साडेतीनशेच्या भावात पाचशे देतोय, अजून काय पाहिजे?" म्हणजे ३५० सीसीच्या गाडीच्या भावात ५०० सीसीची. बोलणं खोटं नसतं. जुनी ५०० बऱ्याचदा चांगल्या ३५० च्या आसपासच्या भावात मिळून जाते. ती त्या भावात का मिळते, एवढंच विचारायचं राहून जातं. माझं मत आधीच सांगतो. रोज निपाणी-बेळगाव ये-जा असेल, घरातल्या दोघा-तिघांनी एकच गाडी वापरायची असेल, तर ३५० घ्या. ५०० ही हौसेची गाडी. घरात रोजच्या कामाला दुसरी गाडी असेल तर तिच्या नादाला लागा.

सीसीवरून गाडी मोजणे

"पाचशे म्हणजे दीडपट गाडी" हा हिशेब सगळेच करतात. जुन्या इंजिनांचे आकडे असे: ३५० मध्ये ३४६ सीसी, ५०० मध्ये ४९९. दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, सारखाच, ९० मिमी. फरक बोअरचा म्हणजे सिलिंडरच्या रुंदीचा, एकीचा ७० मिमी, दुसरीचा ८४. ताकद १९.८ आणि २७.२ बीएचपी, टॉर्क (ओढण्याचा जोर) २८ आणि ४१.३ न्यूटन मीटर. वजनात मात्र दोन-तीन किलोचाच फरक आहे, त्यामुळं "पाचशे जड, झेपायची नाही" म्हणणाऱ्याचंही ऐकू नका. दोन्ही सारख्याच झेपतात किंवा झेपत नाहीत.

टॉर्कचा फरक कळतो तो चढाला. मागं माणूस बसवून तवंदी घाट चढताना किंवा जांबोटीवरून चोर्ल्याकडं जाताना ३५० ला गिअर उतरावा लागतो तिथं ५०० आहे त्याच गिअरमध्ये निघते. सपाट हायवेला सत्तर-ऐंशीच्या वेगात दोघींत फार फरक नाही. त्यापुढं वेग वाढवला की ५०० चा मोठा पिस्टन हँडलला आणि पायाखाली चांगलाच जाणवतो, कारण या जुन्या इंजिनांत बॅलन्सर शाफ्ट (हादरे कमी करणारा दांडा) नाही. ॲव्हरेज ३५० ला पस्तीसच्या आसपास, ५०० ला पंचवीस ते तीस. टाकी दोन्हींची साधारण तेवढीच, म्हणजे पंपावर थांबणं ५०० ला जास्त.

तुलना नेमक्या कुठल्या ३५० शी?

ही चूक सीसीच्या चुकीपेक्षा महाग पडते. "क्लासिक ३५०" या एका नावाखाली बाजारात तीन गाड्या फिरतात. पहिली कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना, साधा भाग), २००९ पासूनची. दुसरी २०२० ची बीएस-६ (धुराच्या नव्या नियमातली), इंजिन तेच पण कार्ब्युरेटरच्या जागी सेन्सरवर पेट्रोल सोडणारं इंजेक्शन बसवलेलं. तिसरी सप्टेंबर २०२१ नंतरची: ३४९ सीसीचं पूर्ण नवं इंजिन, बॅलन्सर शाफ्टसह, नवी चासी, आणि किक नाहीच. नवी ३५० चालवून "ही किती मऊ" म्हणायचं आणि मग २०१४ ची ५०० चालवून "ही किती हादरते" म्हणायचं, याला तुलना म्हणत नाहीत. तो वयाचा फरक आहे. ५०० चं उत्पादन २०२० मध्येच थांबलं, त्यामुळं तिची गाठ घालायची ती २०२० पर्यंतच्या ३५० शी.

वर्षावरून अजून एक गोष्ट कळते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना ते नाही. पावसाळ्यात खानापूर-जांबोटी पट्ट्यात गाडी चालवणाऱ्यानं मी तरी सीसीच्या आधी हे बघावं म्हणेन.

गरम इंजिन बघून पैसे देणे

गाडी बघायला जाताना आधी फोन करून सांगितलंत की समोरचा ती चालू करून, फिरवून ठेवणार. पोचल्याबरोबर इंजिनच्या फिन्सजवळ हात न्या. कोमट लागलं तरी सरळ म्हणा, "मामा, चहा घेऊन येतो, तोवर गार होऊ दे." आणि चांगला तासभर जाऊ द्या.

गार गाडीवर ५०० ची परीक्षा अशी. चावी फिरवा, किल स्विच चालू करा आणि लगेच सेल्फ मारू नका, नुसतं ऐका. टाकीखालून पेट्रोल पंपाचा बारीक 'सूंऽऽ' आवाज दोन-तीन सेकंद यायला हवा आणि थांबायला हवा. आवाजच नाही तर पंप, फ्यूज नाहीतर वायरिंग. मीटरवरचा इंजिनचा दिवा गाडी चालू झाल्यावरही जळत राहिला तर सेन्सरचं काहीतरी आहे, आणि "तो असाच लागतो ओ" हे उत्तर नाही. मग सेल्फ मारा. इंजिन फिरण्याऐवजी आतून 'खडाक' आवाज आला, किंवा मोटर नुसतीच गरगर फिरली, तर सेल्फची मोटर इंजिनला जोडणारा स्प्रॅग क्लच गेलेला असण्याची दाट शक्यता. कमजोर बॅटरीवर सेल्फ मारत राहिलं की याचे हाल होतात. ते काम करायला इंजिनचं कव्हर उघडावं लागतं. "बॅटरी टाकली की झालं" म्हणणाऱ्याला आधी बॅटरी टाकून दाखवायला सांगा.

किक आहे म्हणून बिनधास्त राहू नका. ५०० ही इंजेक्शनची गाडी, आणि तिला पंप चालवायला बॅटरीत जीव लागतोच. बॅटरी पार मेलेली असेल तर ५०० ला कितीही किक मारा, पायच दुखायचा. कार्ब्युरेटरवाली ३५० मात्र बॅटरी कमजोर असली तरी चोक ओढून किकवर निघते. खेड्यात ती मागतात ते यामुळंच. गल्लीतला कुठलाही मिस्त्री कार्ब्युरेटर खोलून साफ करून देतो.

नंतर धूर बघा. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके वाजत असतील तर बहुतेक वेळा बाहेरचा सायलेन्सर बसवलाय आणि त्याप्रमाणे सेटिंग केलेलं नाही. मूळ सायलेन्सर घरी आहे का विचारा, आणि असेल तर व्यवहारातच मागून घ्या. गोव्याची गाडी असेल तर चासीचा खालचा भाग आणि स्पोकची मुळं बोटानं खरवडून बघा. खाऱ्या हवेचा गंज वरून पॉलिश मारल्यावर दिसत नाही.

'एमएच-०९ पासिंग आहे, चालतंय की'

चालत नाही. सीमेवर राहणाऱ्यांची ही जुनी खोड. कोगनोळीच्या अलीकडं-पलीकडं पाहुणे, शेती, बाजार सगळं एकच, त्यामुळं कोल्हापूर पासिंगची गाडी बेळगावात वर्षानुवर्षं फिरवायला कुणाला काही वाटत नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणं दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांवर ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८, नावावर करायला २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर बँकेच्या सहीचा ३५. आणि खरा चटका कर्नाटकच्या रोड टॅक्सचा. इथं दुचाकीचा कर किमतीवर आहे, १ लाखावरच्या नव्या गाडीला १८ टक्के. जुन्या गाडीला वयाप्रमाणं तो कमी होत जातो, तरी पलीकडची 'स्वस्त' ५०० अलीकडं आणल्यावर स्वस्त राहत नाही. भाव ठरवण्याआधी आरटीओत जाऊन नेमका आकडा काढा. केए-२२ किंवा केए-२३ ची (बेळगाव, चिकोडी पासिंगची) गाडी पाच-दहा हजारानं महाग असली तरी या भानगडीतून सुटका होते.

आरसीवर सीसीचा रकाना असतो. तो वाचा. साइड पॅनेल आणि स्टिकर बाजारात मिळतात, ३४६ आणि ४९९ हे आकडे मात्र आरसीवरच असतात. इंजिन आणि चासी नंबर गाडीवर स्वतः बघून जुळवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून नको.

इन्शुरन्सचा स्लॅब कुणी सांगत नाही

थर्ड पार्टी विम्याची (समोरच्याच्या नुकसानीचा, सक्तीचा विमा) रेघ ३५० सीसीवर ओढलेली आहे. २०२२ साली ठरलेल्या दरांत १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये, ३५० च्या वर २,८०४ रुपये, वर जीएसटी वेगळा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडंच राहतो. नावावर झाल्यावर १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घ्या.

घासाघीस करताना एक मुद्दा हाताशी ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. "नवीन घ्यायला गेलात तर इतके लागतील" म्हणून जुनी ऑन-रोड किंमत कुणी तोंडावर फेकली, तर आजचं कोटेशन मोबाइलवर काढून दाखवा. आणि ५०० घेणार असाल तर आधी आपल्या मिस्त्रीला गाठा. पत्रा, दिवे, केबल असलं बरंच सामान ३५० शी जुळतं. पिस्टन, सिलिंडर, थ्रॉटल बॉडी, ईसीयू (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर) जुळत नाही. हे तो कुठून आणणार आणि किती दिवसांत, ते त्याच्याच तोंडून ऐका. तो डोकं खाजवायला लागला तर तिथंच समजून जा.

इसार द्यायचा झाला तर थोडका द्या. कागदावर इंजिन नंबर, चासी नंबर, ठरलेली रक्कम, एनओसी कुणी काढायची आणि टॅक्स कुणी भरायचा हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. परराज्यातली गाडी असेल तर एनओसी हातात पडेपर्यंत उरलेले पैसे आपल्याच खिशात असू द्या.