स्नॉर्केल बसवायचंय? आधी डब्याखालचं भोक बघा

स्नॉर्केल म्हणजे इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणारी नळी; ती चाकावरचा पत्रा (फेंडर) कापून बसवतात. काम मृगाच्या आधी उरका. भर पावसात पत्रा कापायला घेतला तर ओलसर हवेत प्रायमर नीट सुकत नाही, आणि कापलेली कड रंगाखालून गंजायला लागते. पण ड्रिल हातात घेण्याच्याही आधी बॉनेट उघडा आणि एअर फिल्टरचा डबा खालून चाचपा. तळाला पाणी निचरायचं भोक असतं. कुठे त्यावर चपट्या तोंडाचा रबरी व्हॉल्व्ह असतो, कुठे नुसतंच भोक. नळी छतापर्यंत नेली आणि हे भोक तसंच ठेवलं, तर डबा बुडाल्यावर इंजिन पाणी तिथूनच ओढणार. डिझेल इंजिन हवा साधारण सोळा पट दाबतं; पाणी दबत नाही, मग वाकतो तो पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड.

व्हॉल्व्ह असेल तर बोटांत धरून दाबा. इंजिन चालू असताना आतली ओढ त्याचे ओठ मिटून धरते, बंद केल्यावर साचलेलं पाणी निथळतं. रबर कडक झालं असेल, ओठांत वाळलेला चिखल किंवा गवताची काडी अडकली असेल, तर तो मिटत नाही. सर्व्हिसिंगमध्ये कधी तो निघून पडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. नवीन पुण्याच्या नाना पेठेत शोधा, जुना सोबत नेऊन. अंदाजाने आणलेला सैल बसतो.

भोक सीलंटने कायमचं बुजवणारेही आहेत. नका बुजवू. ताम्हिणी घाटातल्या पावसात स्नॉर्केलच्या तोंडातून थोडं पाणी आत येतंच. त्याला वाट नसेल तर फिल्टरचा कागद भिजतो आणि गाडी ओढायची थांबते. पाण्यात उतरण्यापुरतं घट्ट रबरी बूच लावा, बाहेर आल्यावर काढा. फेंडरच्या आत रेझोनेटरची (हवा ओढण्याचा आवाज कमी करणारी) पोकळ पेटी असेल तर तिच्याही तळाला भोक असू शकतं. तेही बघा.

कागदपत्रं: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं, तेव्हा आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा. पाण्याने गेलेलं इंजिन साध्या पॉलिसीत सहसा येत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. वॉरंटीचं सर्व्हिस सेंटरला विचारा. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची नवी गुरखा गाडी असेल तर स्नॉर्केल कंपनीतूनच येतं, कापाकापी वाचली. डब्याखालचं भोक मात्र त्यांनीही बघायचं.

स्नॉर्केल आपल्याच मॉडेलचं आणि आपल्याच इंजिनाचं घ्या. डिझेल-पेट्रोलला डब्याची जागा बदलते. घरी आणलं की खालचं तोंड बंद करून आत पाणी भरा आणि तासभर उभं ठेवा. स्वस्त फायबरचे सांधे इथेच पाझरतात. पत्रा कापल्यावर कळून उपयोग नाही.

हत्यारं: मास्किंग टेप, 3 मिलिमीटरचा पायलट ड्रिल, टेम्प्लेटमध्ये (स्नॉर्केलसोबतच्या कापायच्या नमुन्यात) दिलेल्या मापाचा होल सॉ (गोल भोक कापणारी करवत), अर्धगोल कानस, झिंक प्रायमर, टचअप पेंट, फेंडर लायनरच्या (फेंडरच्या आतल्या आवरणाच्या) जादा क्लिपा (जुन्या तुटतातच). सीलंट पीयूचं (पॉलियुरेथेनचं), आंबूस वासाचं सिलिकॉन नको. त्यातलं आम्ल उघडा पत्रा खातं. स्नॉर्केल डब्याला जोडणारी होज तारेची किंवा जाड सिलिकॉनची, कारण पातळ पाइप ओढीने आत चेपतो. क्लिपा स्टेनलेसच्या.

कापण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, लायनर उतरवा, आतून वायरिंग आणि वॉशरची टाकी कुठे आहे ते पाहा. टेम्प्लेट लावून बॉनेट आणि दार पूर्ण उघडून बघा. कॅरियर असेल तर तोही आड येतो. डब्याच्या तोंडात चिंधी कोंबा, म्हणजे लोखंडाचा कीस आत जाणार नाही, आणि चिंधीचं एक टोक बाहेर लोंबत ठेवा. आत राहिलेली चिंधी फिल्टर गुदमरवते. कड कानसने घासून प्रायमरचे दोन हात, वर रंग. कीस व्हॅक्यूमने काढा, फडक्याने पुसू नका, रंगावर ओरखडे उठतात.

स्नॉर्केलचे बोल्ट जेमतेम आवळा, आतला पितळी नट गरगरला की संपलं. सीलंट 24 तास सुकू द्या. डब्याच्या दोन भागांमधलं गॅस्केटही तपासा. फिल्टरनंतरचा सांधा सैल राहिला तर उन्हाळ्यातली धूळ टर्बोची पाती खाते.

मग चाचणी. इंजिन आयडलवर ठेवून स्नॉर्केलच्या तोंडावर रबराची शीट लावलेली फळी दाबा. हात नको, फडकंही नको. काही सेकंदांत इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर हवा कुठून तरी येतेय: बूच लावलं होतं का, ते आधी बघा. लावलं असेल तर प्रत्येक सांध्याजवळ पेटती उदबत्ती धरा, धूर आत ओढला जाईल तिथे गळती.

ब्रीदर (आतली हवा आत-बाहेर होण्याची तोंडं) इथे असतात: पुढचा-मागचा क्राउन (धुऱ्यावरची गिअरची पेटी), गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी). गरम क्राउन गार पाण्यात बुडाला की आत पोकळी तयार होते, पाणी ब्रीदरमधून शिरतं आणि तेल दुधाळ होतं. ब्रीदरच्या नळ्या बॉनेटखाली उंचावर न्या, मागच्या धुऱ्याच्या नळीला ढील ठेवा.

पाण्यात उतरायची खोली कंपनीने दिलेलीच पाळायची: थार 650 मिलिमीटर, गुरखा 700. स्नॉर्केलने आकडा वाढत नाही, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि पंखा जागच्या जागीच आहेत. वाहतं पाणी तर गाडीच ढकलतं, तेव्हा खडकवासला धरणातून विसर्ग सुरू असताना पुण्यातल्या नदीपात्रातल्या भिडे पुलाकडे फिरकूच नका. पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही, ओढून बाहेर काढा. बाहेर आल्यावर बूच काढा, फिल्टर बघा, क्राउनचं तेल बघा. 500 किलोमीटरनंतर सगळ्या क्लिपा पुन्हा आवळा, नवी होज बसली की त्या सैल पडतात.