कॅम्परव्हॅनमधील फ्रिजची सुरक्षित जोडणी

कॅम्परव्हॅनसाठी थेट १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज घ्यावा आणि तो स्वतंत्र बॅटरीवरच चालवावा. इंजिनच्या बॅटरीवर चालवल्यास सकाळी गाडी सुरू न होण्याची वेळ येते.

खरी काळजी वायरची घ्यावी लागते. असा फ्रिज चालू असताना साधारण ५ अँपिअर प्रवाह घेतो. बॅटरीपासून ५ मीटरांवर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, तर जाण्यायेण्याच्या १० मीटरांत अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो आणि बॅटरी थोडी उतरताच कॉम्प्रेसर सुरू होता होता बंद पडतो. ६ चौरस मिलिमीटरची वायर घेतल्यास हीच घट सुमारे ०.१५ व्होल्टवर येते. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मी तरी विसंबणार नाही, कारण धक्क्यांनी प्लग सैल होतो आणि तापतो.

फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो, म्हणून १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकाशेजारीच बसवावा. वायर जाते त्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाची धार झाकणारे कडे) घालावा, अन्यथा हलत्या गाडीत पत्र्याची धार वायरचे आवरण कापत जाते. फ्रिजमागे हवा खेळती ठेवावी. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि फ्यूज सर्वांत शेवटी घालावा.